काडीबरोबर काय जातं?

हापूसचं झाड कुणी बाठ्यापासून वाढवत नाही. हापूसचा बाठा लावला तर उगवतो तो रायवळ. कारण आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या बाठ्यात एकच गर्भ असतो आणि त्यात दोन झाडांच्या गुणांची नवी सरमिसळ झालेली असते. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्यावर कलमं बांधली जाऊ लागली, तेव्हापासून हापूस वाढला तो काडीवरून काडी घेत. म्हणजे वेंगुर्ल्यापासून वलसाडपर्यंतची हापूसची झाडं आनुवंशिकतेच्या अर्थाने एका किंवा मोजक्या मूळ झाडांच्या फांद्याच आहेत, क्लोन आहेत. तरीही बाजारात त्यांना एक भाव मिळत नाही. देवगडचा वेगळा, रत्नागिरीचा वेगळा, कर्नाटकातून येणारा आणखी वेगळा. एकाच बागेत शेजारी उभ्या असलेल्या दोन कलमांपैकी एक बऱ्यापैकी नेमाने भरतं आणि दुसरं एक वर्ष सोडून. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा काडी कुठे रुजली हाही नावाचा भाग आहे, हे कायद्यानेच मान्य केलं. मग जनुकं तीच असताना हा फरक येतो कुठून? या प्रश्नावर दोन ठाम मतं ऐकू येतात. जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीप्रमाणे दोघांनाही आपली बाजू पूर्ण ताकदीने मांडू द्यावी आणि मग उत्तर द्यावं, हे मला बरं वाटतं. एकाला बीजपक्ष म्हणू, दुसऱ्याला भूमिपक्ष.

बीजपक्ष : फळ कोणतं लागणार हे जात ठरवते. उत्तर प्रदेशात मलिहाबादला कलीमुल्ला खान यांनी एका जुन्या आंब्यावर ३००हून अधिक जातींच्या काड्या बांधल्या. मूळ एक, खोड एक, पाऊस एक, खत एक. तरी प्रत्येक फांदीला आपापल्या जातीचंच फळ लागतं. रंग निराळा, आकार निराळा, चव निराळी. जमिनीच्या हातात तुम्ही म्हणता तेवढं सगळं असतं, तर त्या झाडाच्या फांद्यांना एकाच वळणाची फळं लागायला नकोत का? कोकणातलंच बघायचं तर साका बघा. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापला की आत गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना तयार झाला. तो त्याच जांभ्या मातीत, त्याच उन्हात, हापूसच्या शेजारी उभा असतो आणि त्याला साका होत नाही. जमीन बदलली नाही. बदललं ते बीज. आणि शेतकरी तरी चांगल्या झाडाची काडी एवढी जपून का आणतो? गुण काडीतून जातात, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री आहे म्हणून. ज्याला तुम्ही एकाच जातीतला फरक म्हणता, ते निगेतलं डावं-उजवं आहे.

भूमिपक्ष : डावं-उजवं? कोकणातून आफ्रिकेत मालावीला हापूसच्या काड्या गेल्या. तिथला आंबा वाशीच्या बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, जेव्हा इथल्या झाडांना धड मोहोरही आलेला नसतो. जनुकं तीच, पण वर्षाचं वेळापत्रकच उलटं झालं, कारण विषुववृत्ताच्या खाली थंडी जून-जुलैत पडते. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्याकडच्या एकाच फांदीकडे बघा. पाऊस वेळेवर ओसरला, कोरडी थंडी पडली, की शेंड्यातून मोहोर येतो. पाऊस रेंगाळला, हवा उबदार राहिली, की त्याच शेंड्यातून पालवी फुटते. डोळा एक, जनुकं एक, आणि त्यातून फूल निघायचं की पान हे हवेने ठरवलं. द्राक्षबागायतदारांना विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडाची घडण चालू असते. त्या दिवसांत आभाळ झाकलेलं राहिलं, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर कित्येक डोळ्यांतून घडाऐवजी नुसती बाळी निघते. साक्याचं म्हणाल, तर तोही सगळ्या हापूसला सारखा कुठे होतो? फळ झाडावर फार तयार होऊ दिलं तर जास्त, चौदा आणे तयार असताना उतरवलं तर कमी. तापणाऱ्या जमिनीवर झाडाखाली आच्छादन घातलं तर कमी. एकाच जनुकसंचाचं एक फळ बिघडतं आणि दुसरं बिघडत नाही, तर दोष जनुकांच्या माथी कसा मारणार?

दोघांचीही उदाहरणं खरी आहेत. घोटाळा आहे तो उदाहरणं निवडण्यात. मलिहाबादच्या झाडावर माती आणि हवा एकच ठेवलेली आहे, जाती मात्र शेकडो आहेत. तिथे जातीखेरीज दुसरा कोणता फरक दिसणार? मालावीच्या बाबतीत काडी एकच आहे आणि जागा हजारो किलोमीटर बदललेली. तिथे जागेखेरीज दुसरं काय दिसणार? ज्याने जी गोष्ट बदलू दिली, तिचाच परिणाम त्याला सापडला आणि जी त्याने घट्ट धरून ठेवली ती त्याला नगण्य वाटली. वादाचा निकाल लावायचा तर अनेक क्लोन आणि अनेक जागा एकाच वेळी हव्यात, आणि प्रत्येक क्लोन प्रत्येक जागी लावलेला हवा.

असा प्रयोग झालेला आहे, आणि तो वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत चिकाटीच्या प्रयोगांपैकी एक आहे. कॅलिफोर्नियात कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणारे येन्स क्लॉसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या तिघांनी समुद्रकिनाऱ्यापासून सिएरा नेवाडाच्या शिखरांपर्यंत रानात वाढणारी बहुवर्षायू रोपं उपटून आणली. पोटेन्टिला ग्लॅन्ड्युलोसा हे त्यांतलं मुख्य. पुढे त्यांनी अकिलियावरही असंच काम केलं. प्रत्येक रोपाचे तुकडे करून त्यांनी त्या एकाच रोपाचे क्लोन तीन ठिकाणी लावले: समुद्रसपाटीपासून जेमतेम ३० मीटर उंचीवरचं स्टॅनफर्ड, सुमारे १४०० मीटरवरचं मॅथर आणि ३०५० मीटरवरचं टिंबरलाइन. मग वर्षानुवर्षं उंची, पानं, फुलोऱ्याची तारीख, बी धरणं आणि हिवाळ्यात तगणं यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच रोपाच्या तीन तुकड्यांची चित्रं शेजारी शेजारी पाहिली की ती तीन वेगळ्या जातींची वाटावीत, इतका त्यांच्यात फरक आहे. भूमिपक्षाने यावर टाळी वाजवायला हरकत नाही. पण त्याच पानावर आडवं न बघता उभं बघितलं, म्हणजे एकाच ठिकाणी वाढलेली वेगवेगळ्या उंचीवरची रोपं पाहिली, की बीजपक्षाची पाळी येते. किनाऱ्यावरचं रोप स्टॅनफर्डला हिवाळाभर वाढत राहतं. शेजारीच लावलेलं डोंगरमाथ्यावरचं रोप त्याच सौम्य हिवाळ्यात झोपी जातं, जणू बर्फ पडायचाच आहे. उलट किनाऱ्यावरचं रोप टिंबरलाइनला नेलं तर तिथला हिवाळा त्याला झेपत नाही, ते मरून जातं. डोंगरमाथ्याचं बुटकं रोप तिथे त्या छोट्याशा उन्हाळ्यात फुलून बी धरून मोकळं होतं. तिन्ही ठिकाणी सरस ठरलेला असा एकही क्लोन नव्हता. क्रम जागेगणिक उलटत होता.

या उलटणाऱ्या क्रमात सगळ्या वादाचं मर्म आहे, असं मला वाटतं. नुसती जागा प्रबळ असती तर टिंबरलाइनला सगळीच रोपं सारखी खुरटली असती. नुसतं बीज प्रबळ असतं तर स्टॅनफर्डला उंच असलेलं रोप सगळीकडे उंच राहिलं असतं. प्रत्यक्षात प्रत्येक क्लोनने थंडीला, लहान दिवसाला, कोरड्या हवेला आपापल्या पद्धतीने उत्तर दिलं. जनुकसंचात ठरलेलं असतं ते हे उत्तर देण्याचं वळण: अमुक तापमानाला अमुक करायचं, तमुक ओलाव्याला तमुक. जर्मन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड वोल्टेरेक यांनी १९०९ साली पाणपिसवांवर काम करताना या वळणाला प्रतिसादाचा मानदंड अशा अर्थाचं नाव दिलं होतं, पण तेव्हा तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हापूसची काडी आपण आणतो तेव्हा फळ आणत नाही. उबदार ओल्या हवेत पालवी आणि कोरड्या थंडीत मोहोर देण्याची सवय आणतो. तयार फळाला फार ताप लागला तर गर बिघडवण्याची सवयही आणतो. ती सवय आपल्याला गोड लागेल की कडू, हे जागा ठरवते.

बीजपक्ष : ठीक, दोन्ही लागतात हे मान्य. पण दोन्ही लागतात म्हणून थांबणं ही पळवाट झाली. पैदासकार आनुवंशिकतेचं प्रमाण आकड्यात काढतात. अमुक गुण सत्तर टक्के आनुवंशिक, तमुक तीस टक्के, असं छापून येतं. मग हापूसच्या चवीत काडीचा वाटा किती आणि मातीचा किती, तेवढं सांगा आणि वाद मिटवा.

तो आकडा खरा असतो, उपयोगाचाही असतो, पण तो झाडाबद्दल नसतो. तो एका विशिष्ट बागेतल्या झाडाझाडांमधल्या फरकांबद्दल असतो. शंभर जातींची सरमिसळ असलेल्या बागेत गोडीतल्या फरकांचा मोठा भाग जनुकांमुळे निघेल. त्याच जमिनीवर फक्त हापूस लावला, तर जनुकांमध्ये फरकच उरत नाही आणि प्रमाण शून्यावर येतं. हापूसच्या गोडीशी जनुकांचा संबंध तेवढ्यात संपला का? उघडच नाही. जनुकं सगळ्या झाडांत आपलं काम पूर्वीसारखंच करत आहेत. ती सारखी असल्यामुळे फरकाच्या हिशेबातून गळाली, इतकंच. हाच आकडा जमीन बदलली की बदलतो, पाणी सारखं दिलं की वाढतो, वर्ष दुष्काळी गेलं की आणखी काही तरी होतो. एकट्या झाडाला तो लावताच येत नाही. साक्याने बिघडलेलं एक फळ हातात घ्या. बीज रत्नाचं असतं तर ते बिघडलं नसतं. तेच फळ आठ दिवस आधी उतरवलं असतं तर कदाचित बिघडलं नसतं. झाडावर असतानाच बाठ्यातलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि त्यातून गर बिघडतो, असं दाखवणारं संशोधनही झालेलं आहे. तिथेही बी तयारीला कधी लागणार, हे जात आणि हवा मिळूनच ठरवतात. या दोन कारणांपैकी कोणतंही एक काढलं की त्या फळातला सगळा साका टळू शकतो. मग त्याची टक्क्यांत वाटणी करायची कशी? प्रश्नच चुकीचा विचारलेला असला की त्याचं बिनचूक उत्तरही दिशाभूल करतं.

भूमिपक्ष : तुम्ही आताच कबूल केलंत की निव्वळ हापूसच्या बागेत जनुकांचा फरक शून्य. म्हणजे क्लोन-क्लोनमध्ये जो काही फरक दिसतो तो सगळा माझ्या खात्यावर. आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर तेच नव्हे का?

नाही, कारण क्लोन काटेकोरपणे एक राहत नाहीत. झाड वाढतं ते पेशींच्या विभाजनाने, आणि प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना क्वचित चूक होते. ती चूक शेंड्याच्या डोळ्यात झाली तर तिथून पुढची सगळी फांदी तो बदल घेऊन वाढते. महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीचा इतिहास अशा फांद्यांनी घडवला आहे. थॉमसन सीडलेस ही एक जात. तिच्या बागांमध्ये कुणा जाणत्या शेतकऱ्याला एखाद्या वेलीचे, एखाद्या ओलांड्याचे मणी वेगळे दिसले, त्याने ती काडी वेगळी वाढवली, आणि त्यातून तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका अशा निवडी आल्या. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांची सोनाका थॉमसनमधून निवडली आणि काळ्या किशमिशमधून शरद सीडलेस. युरोपात काळी पिनो नॉयर, करड्या-गुलाबी रंगाची पिनो ग्री आणि पांढरी पिनो ब्लां ही एकाच वेलीची वंशावळ आहे. रंगाच्या जनुकात झालेल्या बदलांनी त्यांना तीन नावं मिळाली. ही काडी तुम्ही कुठेही न्या, बदल तिच्याबरोबर जातो. यातला एकही फरक मातीच्या खात्यावर टाकता येणार नाही. शेतकऱ्याच्या नजरेला मी इथे मनापासून मान देतो. हजारो वेलींमधून एक वेगळी वेल ओळखणं आणि ती जपणं, हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या तोडीचं काम आहे.

बीजपक्ष : मग माझंच खरं ठरलं. बागेत जे कलम दर वर्षी भरतं, ज्याचं फळ मोठं, त्यात असाच काही बदल झालेला असणार. अशी झाडं हेरावीत, त्यांना मातृवृक्ष म्हणावं आणि त्यांच्याच काड्या वाटाव्यात. बाग आपोआप सुधारत जाईल.

इथे घाई होते, आणि ही घाई महागात पडते. डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावरचा एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. घेवडा स्वपरागित असतो, त्यामुळे एका दाण्याची शुद्ध वंशरेषा तयार करता येते. तिच्यातले सगळे दाणे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच. अशा एका रेषेतही काही दाणे मोठे, काही लहान येतात. योहान्सन यांनी पिढी दर पिढी मोठ्यांतून मोठे आणि लहानांतून लहान निवडून पेरले. पुढच्या पिढीत दोन्हींच्या दाण्यांचं सरासरी वजन सारखंच आलं. दिसणारा फरक खरा होता, पण तो शेंगेतल्या जागेचा आणि रोपाच्या पोषणाचा होता, पुढे जाणारा नव्हता. जनुक, जनुकरूप आणि दृश्यरूप या कल्पना पुढे त्यांनीच मांडल्या त्या याच अनुभवातून. पेशींतले बदल किती विरळ असतात याचाही आता अंदाज आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथल्या २३४ वर्षांच्या एका ओक वृक्षाच्या दोन लांबच्या फांद्यांचे जनुकसंच तपासले, तेव्हा त्यांच्यात एका अक्षराचे फक्त १७ बदल ठामपणे सापडले. म्हणून बागेतलं चांगलं कलम पाहून लगेच त्याच्यात उत्परिवर्तन झालं असेल असं समजणं, हे बहुतेक वेळा चुकीचं अनुमान ठरेल. त्या कलमाखाली पूर्वी गोठा असेल, त्याच्या मुळांना कातळात भेग सापडली असेल.

आणि आंब्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे दोन्ही पक्षांनी पाठ फिरवलेली आहे. कलम म्हणजे अर्धंच झाड क्लोन असतं. वरची काडी हापूसची, पण खालचा खुंट कशाचा? रायवळ बाठ्याचा. रोपवाटिकेत शेकड्यांनी रुजत घातलेले हे बाठे वेगवेगळ्या झाडांचे असतात, आणि एकाच झाडाचे असले तरी प्रत्येकात निराळी सरमिसळ. पाणी आणि क्षार किती ओढायचे, झाड किती उंच होऊ द्यायचं, उन्हाळा कसा काढायचा, यात मुळांचा मोठा हात असतो. शेजारच्या दोन हापूस कलमांत दिसणारा फरक जमिनीखालच्या दोन वेगळ्या रायवळांचा असू शकतो. म्हणजे तो आनुवंशिक आहे, बीजपक्ष म्हणतो तसा. पण काडीबरोबर तो जात नाही, म्हणून बीजपक्षाला त्याचा काहीच उपयोग नाही! द्राक्षवाल्यांनी हे आधी ओळखलं. खारं पाणी आणि दुष्काळ यांच्या माऱ्यात थॉमसनची स्वतःची मुळं टिकेनात, तेव्हा महाराष्ट्रातल्या बागा डॉगरिजसारख्या खुंटांवर गेल्या. हे खुंटही काडीपासून वाढवलेले असतात, म्हणजे वरचा भाग क्लोन आणि खालचाही क्लोन. आंब्यात आपण अजून खुंटाचं नावदेखील विचारत नाही.

भूमिपक्ष : खुंटाचं मान्य. पण एक गोष्ट तुम्ही सोडून देताय. झाड एका जागी पन्नास वर्षं राहिलं की ती जागा त्याच्यात मुरते. धारवाडला गेलेला हापूस आता धारवाडचाच झाला. उसाचं बेणंही तसंच. एकाच वाणाचं बेणं वर्षानुवर्षं वापरलं की ते उतरतं, उतारा कमी होतो. हे जनुकात नसेल तर कुठे आहे?

जागा मुरते ही समजूत जुनी आहे आणि तिची परीक्षाही जुनी आहे. फ्रान्समध्ये गास्तों बोनिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत रोपांचे तुकडे वरखाली लावले, आणि सपाटीवरच्या काही जाती डोंगरावर राहून चक्क डोंगरी जातींत बदलल्या असं जाहीर केलं. क्लॉसेन आणि सहकाऱ्यांनी काटेकोर राखणीत तोच प्रयोग वर्षानुवर्षं केला, आणि एकही रोप असं बदललं नाही. टिंबरलाइनला वाढलेला क्लोन पुन्हा खाली आणला की तो पूर्वीसारखाच वाढे. बोनिएच्या वाफ्यांत आसपासच्या डोंगरी जातींची रोपं शिरली असावीत, हाच निष्कर्ष उरतो. धारवाडच्या झाडाची काडी रत्नागिरीला आणून बांधली आणि तिला रत्नागिरीसारखं फळ लागलं, तर धारवाड तिच्यात मुरलेलं नव्हतं.

उसाच्या बेण्याची तक्रार मात्र खरी आहे. को ८६०३२सारखा वाण घ्या. कांडीपासून कांडी लावत गेलं की जनुकं तीच राहतात, पण कांडीतून विषाणू आणि गवताळ वाढीसारखे रोग पुढच्या लागणीत जातात आणि दर पिढीला साचत जातात. शेतकऱ्याला दिसतं ते वाण खचल्यासारखं. शेंड्याच्या अगदी टोकावरच्या, रोग न पोचलेल्या पेशींपासून ऊतिसंवर्धनाने रोपं केली आणि त्यांच्यापासून बेणे मळे उभे केले, की तोच वाण पुन्हा तरारतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं बेण्याचं काम याच पायावर उभं आहे. म्हणजे इथला फरक काडीबरोबर गेला खरा, पण तो ना बीजाचा होता ना भूमीचा. काडीत बसून प्रवास करणाऱ्या तिसऱ्याच कुणाचा होता. आणि भूमिपक्षाच्या म्हणण्यातला एक अंश तर मलाही नाकारता येत नाही. मलेशियात ऊतिसंवर्धनातून वाढवलेल्या तेलताडांपैकी काहींना पुढे काही वर्षांनी वेडीवाकडी, तेलाच्या दृष्टीने निकामी फळं लागू लागली. डीएनएची अक्षरं शाबूत होती. २०१५ साली कारण उलगडलं: कर्मा नावाचा एक फिरता डीएनएचा तुकडा फूल घडवणाऱ्या जनुकात बसलेला आहे, त्याच्यावरची मेथिलची खूण टिकली तर फळ नीट येतं, पुसली गेली तर बिघडतं. जनुकाचं लेखन तसंच राहून त्याचं वाचन बदलू शकतं, हे एवढं स्पष्ट दाखवणारी उदाहरणं पिकांत थोडी आहेत. पण हा बदल काचेच्या बाटलीतल्या अनैसर्गिक वाढीने झाला होता. ज्या केळीच्या ग्रँड नैनला जळगावात घरोघरी जी-नाईन म्हणतात, तिच्या ऊतिसंवर्धित रोपांतही मधूनच बुटकी, वेगळ्या पानांची रोपं निघतात, आणि बाटल्यांतून फार वेळा विभागणी केली तर त्यांचं प्रमाण वाढतं. जागा पन्नास वर्षांत झाडात मुरते असं यावरून म्हणता येत नाही.

बीजपक्ष आणि भूमिपक्ष (या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत) : हे सगळं विद्यापीठाला ठीक. शेतकऱ्याने चांगलं कलम पाहायचं, काडी आणायची, की दहा वर्षं प्रयोग करत बसायचं?

दहा वर्षं लागत नाहीत. कोणता फरक कुठला, हे ओळखायची कसोटी क्लॉसेन यांच्या प्रयोगातच आहे: ज्यांच्यात फरक दिसतो त्या दोघांना एका जागी आणा. आंब्यात तर त्याहून सोपं आहे. एका मोठ्या झाडाच्या फांद्या छाटून फुटलेल्या धुमाऱ्यांवर, एका बाजूला त्या नावाजलेल्या कलमाची काडी आणि दुसऱ्या बाजूला साध्या हापूसची काडी बांधली, की खुंट एक, जमीन एक, पाणी एक. मोठ्या झाडावरच्या काड्या तीन-चार वर्षांत फळावर येतात. फरक टिकला तर तो काडीचा आहे. मग तो विषाणूचा नाही एवढं तपासून खुशाल त्याचा प्रसार करावा. फरक नाहीसा झाला तर मूळ झाडाचं कौतुक त्याच्या जागेला किंवा खुंटाला द्यावं, आणि त्या जागेत काय आहे ते शोधावं. ते शोधणंही तितकंच मोलाचं, कारण आच्छादन, पाणी आणि काढणीची वेळ या गोष्टी तर उद्यापासूनच बदलता येतात. ही एवढी पायरी न चढता मातृवृक्ष जाहीर करून हजारो कलमं वाटली जातात तेव्हा शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीचा गुण आपल्या पैशाने विकत घेत असतो, आणि तो गुण त्याच्या गाडीत चढलेलाच नसतो. आंब्याचं कलम चुकलं हे कळायला अर्धं आयुष्य जातं, म्हणून हा हिशेब मला फार जिव्हाळ्याचा वाटतो.

रोपवाटिकांनी प्रत्येक कलमाबरोबर दोन नोंदी द्याव्यात: काडी कोणत्या झाडाची आणि खुंट कोणत्या बाठ्याचा. कृषी विद्यापीठांनी बाठ्याऐवजी काडीपासून वाढवता येतील असे एकजिनसी खुंट आंब्यासाठी शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या कामाला प्राधान्य द्यावं. आणि या पावसाळ्यात कलमं घ्यायला जाल तेव्हा मातृवृक्षाचा फोटो दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, की या झाडाची काडी दुसऱ्या जागी बांधून पाहिली आहे का, आणि तिथे फळ कसं आलं.